माउथ पब्लिसिटी उभी कशी करायची: घरगुती फराळ, मोदक, पोळीभाजी विकणाऱ्यांसाठी पायरी पायरीने

घरगुती फराळ, मोदक, पोळीभाजी, लोणची विकणाऱ्या कुणालाही विचारा की तुमच्याकडे गिऱ्हाईक येतं कुठून, उत्तर ठरलेलं असतं, माउथ पब्लिसिटीने. आणि ती कशी झाली विचारलं की म्हणतात, झाली हो आपोआप, पदार्थ चांगला असला की होतेच. मला हे अर्धंच खरं वाटतं. माझं काम अशा घरगुती उद्योगवाल्यांना हिशोब, लेबलं, ऑर्डरींची नोंद यात मदत करायचं आहे, आणि हाताला उत्तम चव असलेल्या, स्वच्छतेच्या बाबतीत काटेकोर, भावही रास्त ठेवणाऱ्या कितीतरी जणी मी बघते ज्यांची दिवाळीची ऑर्डर दहा-बारा किलोच्या पुढे सरकत नाही, आणि तिथेच दोन गल्ल्या सोडून दुसरीला वसुबारसेच्या आधीच बुकिंग बंद करावं लागतं. चवीत फार फरक नसतो. दुसरीचं नाव लोकांच्या तोंडात बसलेलं असतं आणि ते बसायला कारणं असतात, ती कारणं समजून घेतली की कुणालाही हे जमवता येतं.

सगळ्यात आधी एक गोष्ट नीट लक्षात घ्या, पुढच्या सगळ्या पायऱ्या तिच्यावरच उभ्या आहेत. एखादी काकू तिच्या नणंदेला सांगते ना की "अगं तिच्याकडून चकल्या घे, डोळे झाकून घे", तेव्हा ती स्वतःची पत तुमच्यासाठी पणाला लावत असते. चकल्या मऊ निघाल्या तर नणंद तुम्हाला ओळखतही नाही, ती बोलणार काकूला, आणि तेही वर्षभर, प्रत्येक कार्यात. म्हणजे तुमची खरी जबाबदारी काय, तर त्या काकूचा शब्द खाली पडू द्यायचा नाही. ज्यांना हे उमगलंय त्यांचा धंदा वाढतो, आणि जे फक्त "शेअर करा, लाईक करा" करत बसतात त्यांचं होतं काय की लोक शेअर करतात पण शब्द टाकत नाहीत.

आणि हे काही आपल्याकडचं जुनं खूळ नाही. नीलसन या बाजारपेठेच्या पाहण्या करणाऱ्या कंपनीने २०१२ साली जाहीर केलेल्या जगभरातल्या पाहणीत ९२ टक्के लोकांनी सांगितलं होतं की ओळखीच्या माणसाने केलेल्या शिफारशीवर आमचा विश्वास बसतो, जाहिरातीच्या कुठल्याही प्रकारापेक्षा जास्त. इतकी चॅनेल्स आली, इतके अ‍ॅप आले, तरी माणूस खायची वस्तू घेताना आधी ओळखीच्याला विचारतोच.

पहिली पायरी: एक पदार्थ पकडा आणि तो दर वेळी तसाच करा

लिज्जत पापडाची गोष्ट बऱ्याच जणींना माहिती असते पण त्यातला कामाचा भाग सांगितला जात नाही म्हणून सविस्तर सांगते. १५ मार्च १९५९ ला गिरगावात सात गुजराती गृहिणी इमारतीच्या गच्चीवर पापड लाटायला बसल्या, जसवंतीबेन पोपट त्यातल्या एक, ज्यांना पुढे २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. भांडवल म्हणजे उसने घेतलेले ८० रुपये, आणि पहिल्या दिवशी झाली चार पाकिटं, ती भुलेश्वरच्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याकडे विकायला दिली. सुरुवातीला त्या दोन प्रतीचे पापड करत होत्या, एक जरा स्वस्तातला. ज्यांनी पैसे दिले ते छगनलाल करमसी पारेख, सगळे त्यांना छगनबापा म्हणायचे, त्यांनी सांगितलं की हे दोन प्रकार नकोत, एकच चांगला पापड करा आणि दर्जाशी तडजोड कधीच करू नका. माझ्या मते लिज्जतच्या सगळ्या गोष्टीत हा सल्ला सोन्यासारखा आहे. कारण स्वस्तातला पापड ज्याने खाल्ला तो काही "स्वस्तातला खाल्ला" असं सांगत नाही, तो सांगतो "यांचा पापड असा असतो".

पहिल्या वर्षाची विक्री झाली ६,१९६ रुपये. पावसाळ्यात पापड वाळेनात म्हणून चार महिने काम बंद ठेवावं लागलं, मग पुढच्या वर्षी त्यांनी खाट आणि स्टोव्ह घेतला, वर खाटेवर पापड आणि खाली स्टोव्ह, म्हणजे पावसातही पुरवठा चालू. हेही महत्त्वाचं आहे बरं का, कारण कुणी तुमचं नाव सांगितलं आणि समोरच्याने फोन केला तर "सध्या बंद आहे" ऐकून तो परत फोन करेलच असं नाही.

तर तुमच्या स्वयंपाकघरात याचा अर्थ काय ते चकलीवरच सांगते, कारण फराळात गिऱ्हाईक जोडणारी आणि तोडणारी वस्तू तीच. भाजणी प्रत्येक वेळी त्याच मापाने, तांदूळ, हरभरा डाळ, उडीद डाळ, धणे, जिरे, वाटीने नको, वजनाने, आणि भाजताना प्रत्येक धान्य वेगळं भाजायचं. मोहन जास्त पडलं की चकली तेलात सुटते, कमी पडलं की दाताने फुटत नाही इतकी कडक होते. तेल पुरेसं तापलेलं नसेल तर तेल पिते आणि फार तापलं तर बाहेरून लाल, आतून कच्ची, आणि तीच दोन दिवसांनी डब्यात मऊ पडते. तेलातले बुडबुडे शमले की मग काढायची. हे सगळं तुम्हाला माहितीच आहे, प्रश्न हा आहे की ते कागदावर लिहिलेलं आहे का? मदतीला बाई आली, घाई झाली, तुम्ही आजारी पडलात, तरी बाराव्या घाण्याची चकली पहिल्या घाण्यासारखीच आली पाहिजे. वहीत लिहा, ग्रॅममध्ये लिहा. आणि प्रत्येक घाण्यातल्या दोन चकल्या तारीख टाकून वेगळ्या डब्यात ठेवा, पाचव्या दिवशी, दहाव्या दिवशी स्वतः खाऊन बघा, कारण गिऱ्हाईक काही तळल्या तळल्या खात नाही, ती भाऊबीजेला पाहुण्यांसमोर ठेवते, आणि तुमची परीक्षा त्या दिवशी होते.

सुरुवातीला पंधरा पदार्थांची यादी काढायचा मोह होतो, मी कळकळीने सांगते, नका काढू. दोन-तीन पदार्थ, त्यातला एक असा की त्यावरूनच तुमचं नाव निघेल.

दुसरी पायरी: एका दमात सांगता येईल असं काहीतरी

लोक तुमच्याबद्दल परिच्छेद बोलत नाहीत, एक वाक्य बोलतात. "पुण्याहून येतोयस तर बाकरवडी आण", झालं, एवढ्या एका वाक्यावर कितीतरी वर्षं खोकी भरून बाकरवडी गावोगावी जातेय. तुमचं वाक्य कोणतं? "घरगुती, चविष्ट, दर्जेदार" हे वाक्य नाही, हे सगळेच छापतात आणि कुणीच तोंडाने बोलत नाही. आपल्या दोन-तीन जुन्या गिऱ्हाइकांना फोन करून सरळ विचारा, "तुम्ही माझ्याबद्दल कुणाला सांगितलंत तर काय म्हणून सांगता?" उत्तर ऐकताना तुमचे शब्द त्यांच्या तोंडात घालू नका, त्या जे म्हणतील ते जसंच्या तसं लिहून घ्या. "तिच्या चकलीचं तेल हाताला लागत नाही." "मोदकाची पारी इतकी पातळ की आतलं सारण दिसतं." "लाडू टाळूला चिकटत नाही." "सांगितलेल्या वेळेला डबा दारात." बघा, यातलं शेवटचं तर चवीबद्दलही नाही! पोळीभाजीच्या धंद्यात वेळ हेच वाक्य असतं बहुतेकदा, मुंबईच्या डबेवाल्यांकडे बघा, १८९० पासून चाललेली व्यवस्था, आणि लोक त्यांच्याबद्दल काय सांगतात तर वेळेवर आणि न चुकता.

जे वाक्य दोघी-तिघींच्या तोंडून वेगवेगळं विचारूनही सारखंच आलं ते तुमचं. मग ते जपायचं, म्हणजे पारी पातळ हे नाव झालं असेल तर गणपतीच्या गर्दीत पारी जाड करून चालणार नाही, त्यापेक्षा पन्नास मोदक कमी घ्या.

तिसरी पायरी: बोलणारी माणसं शोधा

इथे एक जुना अभ्यास फार उपयोगी पडतो. १९४५ साली अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या डिकेटर नावाच्या शहरात ८०० बायकांच्या मुलाखती घेतल्या होत्या, किराणा, कपडे, सिनेमा, सार्वजनिक प्रश्न याबद्दल त्या कुणाचं ऐकतात म्हणून, आणि कात्झ आणि लाझार्सफेल्ड या दोन अभ्यासकांनी १९५५ मध्ये त्याचे निष्कर्ष मांडले. किराण्याच्या बाबतीत लोक श्रीमंत किंवा प्रसिद्ध बाईचं ऐकत नव्हते, ऐकत होते आपल्यासारख्याच घरातल्या, आपल्याच ऐपतीच्या, मोठ्या कुटुंबाचा संसार सांभाळणाऱ्या बाईचं, कारण तिला अनुभव जास्त. मला तर वाचताना आपल्याच चाळीतल्या काकू डोळ्यासमोर आल्या.

म्हणून दहा हजार फॉलोअरवाल्या मुलीला फुकट बॉक्स पाठवायच्या आधी तुमच्या आसपास बघा की कुणाला लोक विचारतात. प्रत्येक सोसायटीत एक तरी बाई असते जिला सगळे विचारतात, कामवाली आहे का कुणी, ब्लाऊज कुठे शिवतेस, मुंजीला केटरर कोण होता. भिशीचा हिशोब जी ठेवते ती. भजनी मंडळात हार्मोनियमवाल्या काकू. पार्लरवाली ताई, तिच्या खुर्चीत बसून माणूस अर्धा तास बोलतोच. बालवाडीच्या बाई, गुरुजी (डोहाळेजेवण, वास्तुशांत, मुंज कुणाकडे आहे ते त्यांना सगळ्यात आधी कळतं), कार्यालयाचे मॅनेजर, मेडिकलवाला. अशी आठ-दहा नावं लिहून काढा, आणि त्यांना गिऱ्हाईक म्हणून आधी जोडा. त्यांना लगेच "माझं नाव सांगा हं" म्हणू नका. आधी त्यांनी खाऊ दे, त्यांना पटू दे, पटल्याशिवाय शब्द टाकायला लावलं तर तो शब्द पोकळ पडतो आणि समोरच्याला तो ऐकू येतो.

चौथी पायरी: चव पोचवणं

लिज्जतच्या बायका सुरुवातीला तुटलेले पापड शेजाऱ्यापाजाऱ्यांत वाटायच्या. किती साधी गोष्ट, माल वाया गेला नाही, आणि शेजाऱ्यांच्या तोंडी विकायच्या पापडाचीच चव लागली, सँपल म्हणून वेगळा खास केलेला पापड नव्हता तो. तीन महिन्यांत तिथे २५ जणी पापड लाटत होत्या, गिऱ्हाईक आणि काम करणाऱ्या भगिनी दोन्ही एकमेकींना सांगून येत होत्या.

तुम्हीही चव द्या पण नीट द्या. सँपल एवढं हवं की घरातल्या सगळ्यांनी एक एक खाता येईल, दोन चकल्या पाठवल्या तर एकटी सासू खाते आणि विषय संपतो. पाच-सहा चकल्या, चार लाडू, बस. वेळ अशी निवडा की घरात माणसं असतील, म्हणजे रविवार सकाळ, किंवा हळदीकुंकू, भिशी, केळवण, जिथे दहा जणी एकत्र बसून खातात, कारण खाता खाता "कुठून आणलंस गं" हा प्रश्न तिथेच पडतो आणि उत्तरही तिथेच मिळतं. आणि दसऱ्याच्या आधी द्या, धनत्रयोदशीला सँपल वाटून काय उपयोग, तोपर्यंत सगळ्यांच्या ऑर्डरी दिलेल्या असतात.

फुकट किती द्यायचं ते आधी ठरवा आणि खर्चात लिहा. हा जाहिरातीचाच खर्च आहे, पॅम्फ्लेट छापली असती तर त्याला पैसे गेलेच असते ना.

पाचवी पायरी: नाव सांगताना नंबर सापडला पाहिजे

ही पायरी सगळ्यात जास्त दुर्लक्षित आणि सगळ्यात स्वस्त. प्रत्यक्षात काय होतं बघा. कार्यात कुणीतरी विचारलं, चकल्या कुणाकडच्या? काकू म्हणाल्या थांब नंबर देते, पर्स उघडली, चष्मा काढला, फोनमध्ये शोधायला लागल्या. नाव आठवेना. "चकली" टाकून बघितलं, नाही आलं. "फराळ" टाकून बघितलं, नाही आलं. तेवढ्यात पंगत उठली आणि काकू म्हणाल्या नंतर पाठवते. ते नंतर कधीच येत नाही!

म्हणून पहिल्या ऑर्डरलाच स्वतःचं कॉन्टॅक्ट कार्ड व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा आणि त्यात नावाच्या आधी पदार्थ टाका, "फराळ चकली मोदक" मग तुमचं नाव मग एरिया, आणि गोड शब्दांत सांगा की ताई, हे सेव्ह करून ठेवा म्हणजे मी पुढच्या वेळचे भाव पाठवले की तुम्हाला येतील. हे नुसतं सांगायला नाही, व्हॉट्सअ‍ॅपच्या ब्रॉडकास्ट लिस्टचा (एकच मेसेज एकदम अनेकांना वेगवेगळा पाठवायची सोय) मेसेज ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच पोचतो, बाकीच्यांना जातच नाही, आणि कितीतरी जणी वर्षानुवर्षं ब्रॉडकास्ट टाकत बसतात आणि म्हणतात कुणी रिप्लाय देत नाही.

नंबर डब्यावर किंवा आतल्या पाकिटावर असू दे, बाहेरच्या कॅरीबॅगवर नको, ती दारातच जाते. लेबलवर पदार्थाचं नाव, घटक, वजन, बनवल्याची तारीख, किती दिवस टिकेल, आणि एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा, १४ आकडी नंबर. नोंदणी केली नसेल तर करून घ्या, कायद्याने लागतेच, आणि शिवाय जी बाई तुमचं नाव ऑफिसात सांगणार आहे तिला कुणी विचारलं की घरगुतीच ना, लायसन वगैरे आहे का, तर तिला ठामपणे हो म्हणता आलं पाहिजे.

भावपत्रक एकाच फोटोत बसवा, त्यावर महिना आणि साल मोठ्या अक्षरात टाका. नाहीतर दोन वर्षांपूर्वीचं भावपत्रक कुठल्यातरी माहेरच्या ग्रुपवर फिरत राहतं आणि नवीन गिऱ्हाईक जुन्या भावाने मागतं, तुम्ही नाही म्हणालात की तिला वाटतं फसवलं, आणि लाजिरवाणं होतं ते फॉरवर्ड करणाऱ्या तिच्या वहिनीला.

आणि भाव सगळ्यांना एकच. ओळखीत कमी, नवीन माणसाला जास्त असं केलंत तर दोन जावा हळदीकुंकवाला भेटतात आणि सगळं उघड होतं.

सहावी पायरी: मागायला लाजू नका, पण वेळ साधा

आपल्याकडे मागायचा फार संकोच. पण लोक सांगत नाहीत त्याचं कारण बहुतेकदा एवढंच असतं की त्यांच्या लक्षात येत नाही. कौतुकाचा मेसेज आला की तीच वेळ. "फारच छान झाल्या होत्या चकल्या, पाहुण्यांना खूप आवडल्या" असं आलं की फक्त हात जोडलेला इमोजी टाकून थांबू नका. लिहा: "ताई खूप बरं वाटलं. त्या पाहुण्यांपैकी कुणाला हव्या असतील तर माझा नंबर नक्की द्या, तुमचं नाव सांगितलं की मी स्वतः लक्ष घालून देईन." यात दोन गोष्टी आहेत बघा, एक म्हणजे कुणाला सांगायचं ते नेमकं सांगितलंय, "सगळ्यांना सांगा" म्हटलं की कुणालाच सांगितलं जात नाही. आणि दुसरं, तिच्या नावाला तुमच्याकडे मान आहे हे तिला कळलं. मग तो मान द्यायचाही असतो, तिच्या नावाने कुणी आलं तर माल भरताना दोनदा बघा, आणि तिला कळवा की तुमच्या मावसबहिणीची ऑर्डर आजच पोचली हं.

गुगलवर रिव्ह्यू हवा असेल तर तोही असाच मागा, लिंक पाठवून, एका ओळीत. पण रिव्ह्यू द्या आणि डिस्काउंट घ्या हे करू नका, गुगलच्या नियमांत ते बसत नाही, आणि आपल्याकडे भारतीय मानक ब्युरोनेसुद्धा ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी २०२२ मध्ये वेगळं मानक आणलंय, आयएस १९०००, कारण खोट्या रिव्ह्यूंनी लोक वैतागलेत. भाच्याकडून पाच नावांनी लिहून घेतलेले रिव्ह्यू वाचणाऱ्याला लगेच ओळखू येतात.

कमिशन द्यायचं का

हा प्रश्न मला नेहमी विचारतात. माझं मत स्पष्ट आहे, शेजारच्या काकूला कमिशन देऊ नका. प्रत्येक ऑर्डरमागे पन्नास रुपये असं ठरवलंत की पहिली गोष्ट, तिला स्वतःलाच ऑकवर्ड होतं, आणि दुसरी, ज्या दिवशी तिच्या मैत्रिणीला कळेल की ही पैसे घेऊन सांगत होती त्या दिवसापासून तिच्या शब्दाची किंमत गेली, म्हणजे तुमचं जे खरं भांडवल तेच गेलं. त्याऐवजी आधी काही न ठरवता, दिवाळी झाली की निवांत वेळी तिच्या घरी स्वतः जा, तिला आवडतं ते घेऊन जा, अनारसे असतील, चिरोटे असतील, आणि तोंडाने सांगा की काकू तुमच्यामुळे यंदा इतकी घरं जोडली गेली. पाठवू नका, जा.

कार्यालयाचा मॅनेजर, इव्हेंटवाला यांचं वेगळं, त्यांचा तो व्यवसायच आहे, तिथे कमिशनची पद्धत असते तर उघडपणे ठरवा. आणि इन्स्टावरच्या कुणाला पैसे किंवा फुकट बॉक्स देऊन व्हिडिओ करून घेतलात तर ती जाहिरात आहे असं त्यावर लिहायला सांगा, जाहिरात मानक परिषदेचे, म्हणजे एएससीआयचे, २०२१ पासून तसे नियम आहेत.

सातवी पायरी: बिघडलं तर

कधी ना कधी बिघडतंच. तेलाचा डबा वेगळा आला, हवा दमट होती, कुरिअरने आपटलं. इथेच नाव कायमचं बसतं किंवा कायमचं जातं, म्हणून ही पायरी नीट वाचा.

तक्रारीचा मेसेज आला की आधी फोन करा, टाईप करत बसू नका. पहिलं वाक्य "असं कसं होईल, बाकी कुणाची तक्रार नाही" हे कधीच नको, तुम्हाला खरं वाटत असलं तरी नको, कारण त्याचा अर्थ समोरच्याला ऐकू येतो की तू खोटं बोलतेस. फोटो पाठवा, पुरावा द्या हेही लगेच नको. "ताई, मला वाईट वाटलं. आज संध्याकाळपर्यंत बदलून देते, की पैसे परत करू, तुम्ही सांगा." एवढंच. मग त्याच दिवशी द्या. अर्धा किलो चकलीचं नुकसान एका दिवसाचं आहे, आणि त्या घरातून बाहेर पडणारी गोष्ट कित्येक वर्षांची.

आणि आता जे फार कमी जणी करतात ते. वहीत बघा की ही ताई कुणाच्या सांगण्यावरून आली होती, आणि त्या काकूला तुम्ही स्वतः फोन करा, तिच्या कानावर दुसरीकडून जायच्या आधी. "काकू, तुम्ही ज्यांना माझं नाव सांगितलं होतं त्यांचा एक घाणा मऊ निघाला, मी आजच बदलून दिलाय, तुम्हाला माहिती असावं म्हणून फोन केला." काकूला मान खाली घालायची वेळ आली नाही. उलट नणंदेने विषय काढलाच तर तीच म्हणते, हो, तिने लगेच बदलून दिलं, मला फोनही आला होता. तिथे तुमची बाजू मांडायला तुम्ही नसता, काकू असतात.

सोसायटीच्या ग्रुपवर कुणी जाहीर लिहिलं तर तिथे एकच ओळ लिहा की मी तुम्हाला फोन करते, आणि प्रश्न मिटला की त्यांनाच विनंती करा तिथे लिहायची. ग्रुपवर वाद घालून जिंकलेलं मी तरी अजून कुणाला बघितलेलं नाही.

आठवी पायरी: नाही म्हणायचं

नाव झालं की तिसऱ्या-चौथ्या दिवाळीला गर्दी येते, आणि बरेच चांगले धंदे नेमके तिथे मोडतात. झेपतं चाळीस किलो, घेतलं सत्तर, मग भाजणी बाहेरून विकत, तळायला अनोळखी माणसं, रात्री दोन वाजता पॅकिंग, आणि माल नेमका त्या वर्षी बिघडतो ज्या वर्षी सगळ्यात जास्त नवीन लोकांनी तो चाखला. आधीच आकडा ठरवा, भरला की स्वच्छ लिहा, "यंदाचं बुकिंग पूर्ण झालं, उशिरा आलेल्यांची मनापासून माफी, पुढच्या वर्षी दसऱ्याला पहिला मेसेज तुम्हाला करेन." आणि जमलं तर ज्यांचा पदार्थ तुम्ही स्वतः खाल्लाय अशा दुसऱ्या कुणाचा नंबर द्या. गिऱ्हाईक जाईल ही भीती सोडा, ज्या बाईने स्वतःहून दुसरीचं नाव दिलं तिच्याबद्दल लोक आदरानेच बोलतात.

जाहिरात मग करायचीच नाही का, तर तसं नाही. विको कंपनी १९५२ मध्ये सुरू झाली तेव्हा केशव पेंढरकर आणि त्यांची मुलं दंतमंजन दारोदार जाऊन विकत होते, टीव्ही आणि थिएटरमधल्या जाहिराती नंतर आल्या. लोकांनी वापरून बघितलेलं होतं, म्हणून जाहिरात कानाला ओळखीची वाटली. तुम्हीही नवीन एरियात जाताना, नवीन शहरात बस्तान बसवताना थोडे पैसे घाला, बोर्ड लावा, फेसबुकवर बूस्ट करा, फक्त पहिल्या चार पायऱ्या झाल्यावर. आणि ज्या धंद्यात लोक उघड बोलायला लाजतात, जसं की विग किंवा मूळव्याधीचं औषध, तिथे तोंडी प्रचार कमीच चालतो, ते वेगळं गणित आहे.

नववी पायरी: वही

शंभर पानी साधी वही घ्या. रकाने पाच: तारीख, नाव, काय घेतलं, किती रुपये, आणि पाचवा "कुणाकडून कळलं". हा पाचवा रकाना प्रत्येक नवीन गिऱ्हाइकाला विचारून भराच, फोनवर सहज विचारायचं, "ताई, माझं नाव कुणी सांगितलं?" लोक आनंदाने सांगतात.

दिवाळी संपली, हात मोकळे झाले की त्या रकान्यावरून एका मोठ्या कागदावर रेघा मारा, कुणाकडून कोण आलं. समजा पार्लरवाल्या ताईकडून तीन जणी आल्या, त्यातल्या एकीकडून तिच्या ऑफिसातल्या पाच, त्यातल्या एकीच्या भावाने अमेरिकेला पार्सल मागवलं आणि तिथल्या महाराष्ट्र मंडळातून आणखी दोन चौकश्या. असं कागदावर आलं की दिसतं की निम्मं झाड दोन-तीन माणसांवर उभं आहे, आणि बऱ्याचदा ती तुम्हाला वाटत होती ती माणसं नसतात, सगळ्यात मोठी ऑर्डर देणारीने कुणालाच सांगितलेलं नसतं आणि अर्धा किलो शेव नेणाऱ्या आजींनी सहा घरं जोडून दिलेली असतात. त्या आजींची अर्धा किलो शेव पुढच्या वर्षी सगळ्यात आधी गेली पाहिजे.

परदेशातल्या ऑर्डरबद्दल एवढंच सांगते की तिथे पैसे देणारा एकीकडे आणि खाणारा दुसरीकडे असतो, पुण्यातली आई पैसे भरते आणि न्यू जर्सीतला मुलगा डबा उघडतो, म्हणून डबा पोचला की मुलाला मेसेज करून विचारा चुरा तर झाला नाही ना, कारण तिकडे पुढे सांगणार तो आहे. चकली, कडबोळी उभ्या रचून मधली जागा भरून पाठवा.

आणि वही उघडलीच आहे तर मागच्या वर्षी होती पण यंदा नाही अशी नावं वेगळ्या पेनाने खूण करा. त्यांना विकायचा मेसेज पाठवू नका, फोन करा, "काकू, यंदा तुमची ऑर्डर आली नाही, मागच्या वेळी काही कमी पडलं का?" कुणी सांगेल घर बदललं, कुणी सांगेल मुलाकडे होतो, पण एखादी जरा थांबून म्हणेल, "अगं, चिवडा जरा खारट झाला होता, पण म्हटलं कशाला सांगायचं." ते लिहून घ्या, त्यांना चिवड्याचं छोटं पाकीट पाठवा, आणि ज्यांनी त्यांना तुमचं नाव सांगितलं होतं त्यांनाही.